न मागितलेलं वावर

फोन आला तेव्हा मी वाशीमला जिल्हा कचेरीसमोर धरणं धरून बसलेल्या बायांमध्ये होते. माईक माझ्याच हातात होता. फोन सारखा थरथरत होता आणि मी तो दाबून बंद करत होते, कारण कलेक्टर साहेब बाहेर निघायची वेळ झाली होती आणि नेमक्या त्याच वेळी घोषणा थांबवायच्या नव्हत्या. शेवटी माईक शेजारच्या मावशींच्या हातात दिला आणि फोन कानाला लावला. प्रतीक्षा बोलत होती, आमच्या गावच्या मुलींच्या फुटबॉल टीमची कॅप्टन. ती रडत नव्हती. फौजींच्या हाताखाली तयार झालेली पोरगी आधी निरोप नीट देते, मग रडते. "वैशे, फौजी गेले. सकाळी चहा घेतला, बूट चढवले, लेस बांधाले वाकले अन् ओसरीवरच कलंडले. डॉक्टर पाहून गेले. तू निंघ." माझ्यामागं बाया तालात ओरडत होत्या आणि मी चप्पल शोधत होते... चप्पल पायातच होती.

मालेगावच्या अलीकडं आमच्या गावाचा फाटा आहे. फाट्यावर उतरले तर माणसांच्या आधी फ्लेक्स पोचलेला. वर पाचसहा पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, खाली कोपऱ्यात फौजींचा आधार कार्डावरचा फोटो, आणि मोठ्या अक्षरांत 'मेजर सुखदेव पडघान यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. माझं डोकं तिथंच फिरलं. माणूस अजून घरात आहे आणि तुम्ही त्याच्या नावावर खोटं छापून मोकळे? आमच्याकडं सैन्यातून परत आलेल्या कुणालाही लोक मेजर म्हणतात, शिपायापासून सुभेदारापर्यंत सगळे मेजर. पण फौजी दर वेळी, अगदी दर वेळी, समोरच्याला थांबवून सांगत, "मेजर नाही बापा. हवालदार. अन् हवालदार काई लहान नसते." प्रतीक्षा आणि दोघी-तिघी फाट्यावर माझी वाट बघत उभ्या होत्या. आम्ही किराणा दुकानातून पांढरा पुठ्ठा घेतला, त्यावर 'हवालदार' लिहिलं आणि मोटरसायकलच्या सीटवर चढून 'मेजर'वर चिकटवला. मग घरी गेलो, आणि मग रडलो.

हा लेख मी त्यांचं नाव नीट लिहिलं जावं म्हणून लिहिते आहे. एरवी मी पत्रकं लिहिते. पत्रकात माणसाचं आयुष्य मावत नाही, मागण्या मावतात.

सुखदेव पडघान हे किसन पडघान यांचे थोरले चिरंजीव. किसनबाबा सालदार होते. ज्यांना हा शब्द माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीवर एका घरी राबणारा गडी. दिवस मालकाचा, रात्रीची राखणही मालकाची. किसनबाबा ज्यांच्याकडे राबले ते गावातलं सगळ्यांत मोठं घर, आणि आज त्या घरचे कर्ते बापूसाहेब. त्यांचं नदीकाठचं वावर, म्हणजे शेत, आमच्या पंचक्रोशीत नाव घ्यावं असं. टेबलावर हात फिरवावा तसं सपाट, ढेकूळ नाही की दगड नाही. कापूस निघाला की उरलेली वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, किसनबाबा उपटत आणि लहानगा सुखदेव तिच्या मोळ्या बांधी. त्यातली एखादी मोळी चुलीसाठी घरी न्यायची परवानगी होती. तीही मागावी लागे... आणि ती मागायचं काम पोराचं. "बाप म्हणे, तू माग, लेकराले नाही म्हणत नाहीत," फौजी सांगत. हे सांगताना ते हसत नसत.

पुढं वाशीमच्या वसतिगृहात शिकायला गेले आणि तिथं त्यांना फुटबॉल भेटला. आमच्या जिल्ह्यात तेव्हा कबड्डी आणि कुस्ती. हा चेंडू कुठल्या तरी शिक्षकानं नागपूरहून आणला होता आणि तो फुगवायचा पंप कुणाकडेच नव्हता, म्हणून सायकलच्या दुकानात नेऊन हवा भरत. फौजी अनवाणी खेळले, मैदानाच्या उजव्या कडेनं, आणि असे पळाले की सैन्यभरतीच्या मैदानावर त्यांच्या मागं धूळ सोडून काही दिसेना, असं त्यांच्याबरोबर भरतीला गेलेले लोक आजही सांगतात. पायदळात गेले. तिथं बटालियनच्या टीममध्ये घेतले गेले. बूट पहिल्यांदा पायात आले ते सैन्याचेच. "बूट घातला तवा वाटलं, पाय कोणी पकडून ठेवला. आठ दिवस मले चेंडूच नाही सापडला," म्हणत. नंतर सापडला. बटालियनच्या सामन्यांत पडघानच्या बाजूला चेंडू गेला की जवान उभे राहत.

मग बर्फातली चौकी आली आणि उजव्या पायाची बोटं गेली. ज्या पायानं खेळायचे त्याच पायाची. ते कसं घडलं हे त्यांनी गावात कुणालाही सांगितलं नाही. एकदा प्रजासत्ताक दिनाला शाळेनं त्यांना भाषणाला बोलावलं होतं. मुख्याध्यापकांनी आधीच माईकवर सांगून टाकलं की आता आपले मेजर साहेब शत्रूशी कसे लढले ते सांगतील. पोरं सरसावून बसली. फौजी उठले, "मी हवालदार आहो," म्हणाले, आणि पुढं म्हणाले, "पोट्टेहो, मोजे कोरडे ठेवत जा. ओले झाले की बदलत जा. मी बदलले नाही. जयहिंद." आणि बसले. मुख्याध्यापकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पोरांनी टाळ्या वाजवाव्या की नाही हे त्यांना कुणी सांगेना.

बोटं गेल्यावर सैन्यानं त्यांना टीमचं मॅनेजर केलं. आता हा शब्द ऐकून कुणाला खुर्ची आठवत असेल तर विसरा. मॅनेजर म्हणजे पाण्याचे कॅन उचलणारा, पट्ट्या बांधणारा, कुणाला खेळवायचं आणि कुणाला बसवायचं हे ठरवणारा आणि ज्याला बसवलं त्याच्या शिव्या खाणारा. फौजी म्हणत, खेळत होतो तेव्हा मला फक्त माझी बाजू दिसे. लंगडा होऊन बाहेर उभा राहिलो तेव्हा अकराही जण दिसायला लागले. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे अकोल्याला एखाद्या बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहतील. सगळे माजी सैनिक राहतात तसे. ते राहिले नाहीत. थोडं वावर घेतलं, वत्सलाकाकूंना, म्हणजे बायकोला, सांगितलं की आता मी इथंच, आणि सकाळी फिरायला निघाले. त्या फिरण्यात त्यांना पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या आमच्या गावच्या पोरी दिसल्या. मोटरसायकलवाले हॉर्न वाजवत, काही काही बोलत जात. फौजींनी त्यांना थांबवलं. "काहून पळून राह्यल्या वं नुसत्या? चेंडूमागं पळा. पळणं होईन अन् डोकं बी चालन."

पळायला जागा कुठं होती? शाळेच्या अंगणात सरकारी निधीतून सिमेंटचे ठोकळे बसवलेले, पडलं की गुडघा फुटलाच. गावची ई-क्लासची, म्हणजे गुरं चरायला राखलेली सरकारी जमीन कागदावर आहे. प्रत्यक्षात तिच्यावर कुणाकुणाचे गोठे आहेत हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल, फक्त पंचायतीला माहीत नाही. फौजींचं स्वतःचं वावर मैदानाला पुरणारं नव्हतं, म्हणून त्यांनी लोकांची वावरं मागायला सुरुवात केली. आमच्याकडं कापूस निघून गेला की मृगाच्या पेरणीपर्यंत वावर रिकामं असतं. फौजी शेतकऱ्याच्या दारी जात, ओट्यावर बसत, चहा घेत, आणि चहा संपल्यावरच बोलत. बोली ठरलेली असे. टीमनं सगळी पऱ्हाटी हातानं उपटून द्यायची, जळतन, म्हणजे सरपण, म्हणून मालकाच्या अंगणात रचून द्यायची, आणि त्या बदल्यात पेरणीच्या आधीपर्यंत खेळायचं. हातानंच का? तर हल्ली लोक ट्रॅक्टरला रोटाव्हेटर लावून घटकाभरात पऱ्हाटीचा भुगा करतात, पण त्यानं वावर पिठासारखं भुसभुशीत होतं आणि पोरींचे पाय मुरगळतात. पऱ्हाटी लोखंडी चिमट्यात धरून मुळासकट ओढायची म्हणजे खालची जमीन घट्ट राहते. हाताला फोड येतात. आम्ही दर वर्षी फोडांवर हळद लावून खेळलो.

एका वर्षी ते आमच्या ओट्यावर आले. बाबा म्हणाले, "फौजी, पोट्ट्या नाचून नाचून माह्यं वावर दगड करून टाकतीन." फौजी म्हणाले, "नांगरटी तुमी करताच का नाही? आठ दिवस उशिरा करजा. दगड काय, डोंगर बी फुटन." बाबा विचारात पडले. आतून आई कडाडली, "द्या ना मंग! अन् आपल्या वावरात लोकायच्या पोट्ट्या खेळतीन, अन् आपली घरात भांडे घासन काय?" अशी मी टीममध्ये आले. हे फक्त माझं नाही. ज्याचं वावर त्या उन्हाळ्यात मैदान झालं, त्याच्या घरची एक तरी पोरगी टीमला मिळाली. मालक आधी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, राखणीला येऊन बसायचा, की पोरी तुरीचं जळतन तर नेत नाहीत, आणि दोन आठवड्यांत तोच उभा राहून ओरडायचा, "अवं इकडून मार ना, इकडून!"

मला हे सगळं मंजूर नव्हतं आणि आजही नाही. मैदान हा हक्क आहे. मी त्यावर पत्रक काढलं, गावभर वाटलं, फौजींनाही दिलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "चांगलं लिवलं. लढजो. पण तुह्यं मैदान येईपर्यंत ह्या पोट्ट्या म्हाताऱ्या होतीन ना वं, पत्रकवाले." मी म्हणाले, तुम्ही दारोदार मागत फिरता ते मला आवडत नाही. तुमच्यासारख्या माणसानं मागावं? तेव्हा ते जरा चिडले. "मी मांगत नाही. सौदा करतो. फुकट घेतलं काय कोणाचं? पऱ्हाटी उपटून देतो."

"मंग नदीकाठचं वावर काहून नाही घेत?" मी विचारलं. हा प्रश्न टीममधल्या प्रत्येकीच्या पोटात होता. आम्ही उताराच्या वावरात खेळलो, जिथं चेंडू आपोआप खालच्या गोलकडं घरंगळायचा. एका वावरात गोलसमोर बाभूळ होती आणि फौजींनी नियम केला होता की बाभळीला लागून आत गेला तर गोल धरायचा. आणि तिकडं ते सपाट, देखणं वावर सगळा उन्हाळा मोकळं पडलेलं.

फौजी म्हणाले, "त्या घरी मी लहानपणी मांगून मांगून आलो. मोळी मांगली, ताक मांगलं, बापाची सुट्टी मांगली. आता त्या दारी मी मांगाले जाणार नाही. सौदा बी नाही. त्याईनं बोलावलं तं जाईन. ताठ जाईन."

"अन् नाही बोलावलं तं?"

"तं बाभूळ हाये ना आपली."

एवढंच. गावात मात्र ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली. दर उन्हाळ्यात चहाच्या टपरीवर विषय निघे, औंदा फौजी नदीकाठी जातात का. वर्षामागून वर्षं एकाही बाजूनं पाऊल उचललं नाही. बापूसाहेब रस्त्यात भेटले की दोघं रामराम-जयभीम करत, पावसापाण्याचं बोलत, आणि आपापल्या वाटेनं जात. लोक म्हणत, काय हट्ट आहे म्हाताऱ्याचा. मला विचाराल तर एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी पूर्ण सहमत असलेली ही एकच गोष्ट.

मॅनेजर म्हणून ते कसे होते ते रिसोडनं पाहिलंय. तिथं सामने होते आणि नेमकी पोहरादेवीची यात्रा आलेली, जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या जीप तिकडं. फौजींनी रिसोडच्या बाजारात सोयाबीन नेणारी गाडी गाठली आणि आम्ही पोत्यांवर बसून गेलो. पोचलो तेव्हा सगळ्यांच्या केसांत भुसा. आयोजक म्हणाले, मुलींचा सामना अर्ध्या वेळेचा ठेवू, नंतर मुलांचा खरा सामना आहे आणि पाहुणे यायचेत. फौजी शांतपणे म्हणाले, "मंग हा खोटा हाये काय?" आयोजक हसले. "तसं नाही मेजर..." "हवालदार. अन् सामना पुरा होईन." ते मैदानाच्या मध्यभागी जाऊन उभे राहिले. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही, फक्त सैन्यात उभे राहतात तसे उभे राहिले. लोक शिट्या मारायला लागले. एक जण ओरडला, "ओ काका, पोरी भाकरी थापतीन का चेंडू मारतीन?" फौजी वळलेही नाहीत, आमच्याकडं बघून म्हणाले, "ऐकलं ना? उत्तर मी देऊ का तुमी देता?" पाहुणे आले, थांबले, आणि आमचा सामना पूर्ण वेळ झाला. आम्ही जिंकलो. सपाट मैदानावर खेळणं आम्हाला इतकं सोपं गेलं की प्रतीक्षा म्हणाली, "अवं, हा चेंडू तं सांगितल्यासारखा ऐकते!"

आता त्या दिवसाकडं येते ज्यासाठी हे सगळं लिहिलं. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम घरासमोरच्या मांडवात होता. साताऱ्याकडचे एक वयस्कर गृहस्थ रात्रभर प्रवास करून आले होते. फौजींच्या बटालियनमधले. बोलायला उभे राहिले आणि पायाचा विषय निघाला. "ह्यानं सांगितलं न्हाई व्हय तुमास्नी?" ते आमच्याकडं बघतच राहिले. गस्तीवर असताना या गृहस्थांचाच पाय मोडला होता. पडघाननं त्यांना पाठीवर घेतलं आणि बर्फाच्या ओढ्यातनं, मांडीएवढ्या पाण्यातनं, चौकीपर्यंत आणलं. मोजे बदलायला थांबला असता तर मी गेलो असतो, म्हणाले. "माझा पाय हाय बघा. त्याचा गेला." वत्सलाकाकू मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांना माहीत होतं की नव्हतं, मी अजून विचारलेलं नाही.

आणि तेवढ्यात बापूसाहेब आले. बरोबर दोन्ही मुलं. मांडवाच्या कडेला चप्पल काढली, फोटोला फूल वाहिलं आणि काकूंसमोर उभे राहिले. पंच्याहत्तरीचा माणूस, आवाज अजून खणखणीत, पण त्या दिवशी बसलेला. "वत्सलाबाई, औंदा नदीकाठचं वावर घ्या. पोरी खेळतीन तथी. मेजरच्या नावानं सामने भरवू. बक्षीस माह्यं."

माझ्यानं राहवलं नाही. "जिवंत होते तवा काहून नाही बोलावलं, बापूसाहेब?"

धाकटा मुलगा माझ्यावर डोळे वटारून आला. बापूसाहेबांनी हातानं त्याला थांबवलं. "बोलू दे तिले. खरं हाये." मग काकूंकडंच बघत म्हणाले, "सगळ्या गावाच्या दारी गेला तो. माह्याच दारी नाही आला. लोक इचारत, बापूसाहेब, तुमचं वावर काहून घेत नाही फौजी? मले काय सांगता ये? मी म्हणो, येईन कदी तरी. वाट पाह्यली."

"तुमी वाट पाह्यली, अन् तेही वाट पाहून राह्यले होते," काकू म्हणाल्या.

माझ्या मते नकार द्यायला हवा होता, तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर. मेल्यावर दिलेल्या जमिनीवर कशाला खेळायचं? प्रतीक्षानं माझा हात दाबून धरला होता. काकू म्हणाल्या, "घेतो वावर. पण हे आमी मांगलेलं नाही. तुमी बोलावलं. बरोबर?"

"हाव."

"बोलावलेल्या पाव्हण्याले कोणी पऱ्हाटी उपटाले लावते काय?"

बापूसाहेबांना कळायला क्षण लागला. "नाही. मी रोटाव्हेटर..."

"पोट्ट्यायचे पाय मुरगळतीन."

"मंग मजूर लावतो."

"मजूर नाही. माह्या सासऱ्यानं जलमभर उपटली तथी. आता घरचे हात लागू द्या."

मांडवात मागं कुणीतरी खोकलं. थोरला मुलगा, कृषी केंद्र चालवतो तो, पुटपुटला, "काकू, आमी कदी केलं नाही हे..."

"शिकसान," काकू म्हणाल्या. "चिमटा मी देतो. अन् सामन्याच्या नावात मेजर नाही लिवायचं. हवालदार."

बापूसाहेब चप्पल घालून निघून गेले. त्यानंतरचे दिवस सगळं गाव टपरीवर बसून होतं. "वाकते काय बापूसाहेब?" "त्याच्या पोराले पऱ्हाटी कोणती अन् तूर कोणती, इचारून तं पाहा." "अरे, वत्सलाबाईनं दार लावून घेतलं बापा, वावर बी गेलं." उन्हं चढायला लागली. टीमनं दुसरं वावर मागितलं नव्हतं, कारण काकूंनी मागू दिलं नव्हतं. पोरी परत डांबरी रस्त्यावर पळायला लागल्या. हॉर्न परत वाजायला लागले. मी काकूंना म्हणाले, माझ्या बाबांचं वावर घेऊ, उन्हाळा हातचा जाईल. काकू म्हणाल्या, "जाऊ दे. एक उन्हाळा गेला तं गेला." आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की फौजींचा ताठा एकट्या फौजींचा नव्हता.

मग एका सकाळी प्रतीक्षाचा फोन. "वैशे, ये लवकर. वाकले."

मी पोचले तेव्हा अर्धं गाव नदीकाठच्या धुऱ्यावर बसलं होतं. बापूसाहेबांची दोन्ही मुलं, दोन्ही सुना आणि कॉलेजातले नातू डोक्याला दुपट्टे बांधून तासानं, म्हणजे ओळीओळीनं, पऱ्हाटी उपटत होते. वाईट उपटत होते. थोरला दर झाडाला हिसका देई आणि झाड मधेच मोडे. धुऱ्यावरून सूचनांचा पाऊस. "अरे बुडाशी धर, बुडाशी!" "कंबर सांभाळ बापा, खत विकाले लागते ती!" धाकटी सून सगळ्यांत भारी निघाली, माहेरी तिनं हे केलेलं असावं, कारण ती नवऱ्याला मागं टाकून पुढं गेली आणि बायांनी टाळ्या पिटल्या. बापूसाहेब स्वतः एक ओळ धरून होते. चार झाडं उपटत, थांबत, श्वास घेत, पुन्हा वाकत. त्यांना कुणीही काही ओरडलं नाही. आमच्या पोरींना राहवेना, दोघी-तिघी बाह्या सारून उठल्या. काकूंनी बसल्या जागेवरून दटावलं, "बसा गुमान. आज पाव्हण्या आहा तुमी."

काम संपायला दुसरा दिवस लागला. जळतनाची शेवटची मोळी उचलली आणि वावर मोकळं झालं, सपाट, काळंभोर. गोलचे बांबू रोवायला आम्ही उठलो आणि तशाच थांबलो, कारण एक गोष्ट राहिली होती आणि ती कोण करणार हे कुणीच बोललं नव्हतं. वावर साफ झालं की फौजी बूट काढत आणि अनवाणी सगळं वावर चालत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्ट्यापट्ट्यानं. झाड मोडून जमिनीलगत राहिलेला खुंट डोळ्याला दिसत नाही, पण पायाला लागतो आणि पळत्या पोरीचा पाय फाडतो. त्यांचा बोटं नसलेला पाय खुंट बरोबर शोधी. तो पुरा फेरा झाल्याशिवाय आम्ही वावरात पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता.

काकू उठल्या. धुऱ्यावर चप्पल काढली, पदर खोचला आणि आत उतरल्या. लग्न होऊन आल्यावर पहिला कापूस त्यांनी याच वावरात वेचला होता, हे मला शेजारच्या बाईनं हळूच सांगितलं. त्या सावकाश चालत होत्या, पाय जमिनीला दाबत, नजर समोर. एक पट्टा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या पट्ट्यात, वावराच्या ऐन मध्यावर, त्या थांबल्या. पाय तिथंच ठेवला. खाली बघितलं नाही, वाकल्या नाहीत, कुणाला हाक मारली नाही. वळून धुऱ्याकडं बघत उभ्या राहिल्या.

थोरला मुलगा उठायला लागला. बापूसाहेबांनी त्याच्या हातातला चिमटा घेतला, त्याला खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं, आणि एकटे चालत वावराच्या मध्यापर्यंत गेले. काकूंनी पाय बाजूला घेतला. ते वाकले, चिमटा लावला. पहिल्या हिसक्यात खुंट आला नाही. दुसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हातांनी धरला, आणि तो मुळासकट निघाला.

काकू पुढच्या पट्ट्याकडं वळल्या.